चौथी घटका

"पाच घटका," दुभाषा म्हणाला. "साहेबाच्या घड्याळात दोन तास, म्हणजे तुमच्या पाच घटका. तेवढ्यात बायकापोरं आणि जखमी किनाऱ्यावर नेऊन सोडा. मग तोफा पुन्हा सुरू."

तो होडीत उभा राहूनच बोलत होता. हातातल्या काठीला पांढरं फडकं बांधलं होतं. लाटेबरोबर तो आणि ते फडकं, दोन्ही हेलकावत होते. शंखगडाच्या दर्यादरवाज्याच्या शेवटच्या पायरीवर हवालदार मानाजी सुर्वे उभे होते, त्यांच्यामागे रावजी तांडेल आणि तांडेलाच्या मागे मी. एरवी असल्या बोलण्यात बाईमाणसाला कुणी उभं केलं नसतं. पण प्रश्न वेळेचा होता, आणि गडाची वेळ त्या दिवसांत माझ्या हाती होती.

"मोजायचं कधीपासून?" हवालदारांनी विचारलं.

"गलबतावरून एक रिकामा बार होईल, तेव्हापासून."

होडी वळली. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस ना, गुरवीणबाई? बार झाला की वाटी सोड. तुझ्या ठोक्यावर होडी हलणार." मग आवाज उतरवून, जणू स्वतःलाच सांगावं तसं म्हणाले, "बायकापोरं निघाली की संध्याकाळी झेंडा उतरवू. पुष्कळ झालं."

पेशवाई बुडाली त्या सालचा तो चैत्र. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते.

गडावरच्या सोमेश्वराची पूजा आणि घटका मोजणं ही दोन्ही कामं आमच्या घराकडे होती. देवळाच्या ओवरीत एक मोठं घंगाळ असे. त्यात पाणी, आणि पाण्यावर तरंगणारी तांब्याची पातळ वाटी. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी आत चढत जातं, वाटी भरत भरत खाली बसते आणि एकदम बुडते. ती एक घटका. बुडाली की काढायची, पदराने पुसायची, पुन्हा सोडायची आणि घंटेवर ठोका द्यायचा. दिवस-रात्र मिळून अशा साठ वाट्या. चौक्या बदलायच्या त्या या ठोक्यांवर, आणि होड्या सुटायच्या त्याही.

काम मामंजींचं होतं. लग्न होऊन मी आले तशी हळूहळू तेही शिकले. त्याचे नियम थोडे होते पण कडक. पाणी गोडंच हवं, गडावरच्या टाक्यातलं, आणि रोज सकाळी बदललेलं. वाटी रोज चिंचेने घासायची. तिला खाऱ्या पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा मामंजी म्हणाले, "देवाची वाटी आहे ती." त्यांना त्यांच्या वडिलांनी तेवढंच सांगितलं होतं. मी ते सोवळं म्हणून धरलं आणि पाळलं.

इंग्रजांची तीन गलबतं आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी दारूचा एक बुधला पेटला. मामंजी तिथून तेल घेऊन चालले होते. दोन्ही डोळे आणि हात भाजले. त्या दिवसापासून ते ओवरीत पडून होते, डोळ्यांवर ओलं फडकं. माझे यजमान बुरुजावर, म्हणून वाटी माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक फुटणारा कुलपी गोळा टाक्याच्या भिंतीवर बसला. भिंत तडकली आणि गडाचं वर्षभराचं पाणी खडकातून समुद्रात गेलं. घरोघरच्या हंड्यांत होतं तेवढंच उरलं. माणशी दिवसाला एक तांब्या, असं हवालदारांनी ठरवलं.

त्यात आमच्या घरी ठकूवन्सं. माझी नणंद, माझ्याच वयाची. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली आणि अडकली. तिचा नवरा बाळोजी समोरच्या किनाऱ्यावरच्या गावचा. नववा महिना लागला होता, ऊन चैत्राचं, आणि एक तांब्या पाणी. ओठ चिरले होते तिचे. तरी तिने पाणी कधी मागितलं नाही. घंगाळाशेजारी बसून ती फक्त एवढं म्हणाली, "वैनी, वाटीची चैन बघ. पुढच्या जन्मी मी वाटीच होणार. दिवसभर पाण्यात बसायचं आणि वर लोकांनी उठून ठोके द्यायचे."

मी हसले. मग उठले, घंगाळातलं पाणी कळशीत ओतून घेतलं आणि तिला पोटभर प्यायला दिलं. मामंजींना दिलं. उरलेलं बुरुजावरच्या जखमींकडे पाठवलं. मागच्या तटावरून दोराने कळशी सोडून समुद्राचं पाणी वर ओढलं आणि घंगाळ पुन्हा भरून ठेवलं. मामंजींचे डोळे बांधलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "पाणी बदललंस?"

"बदललं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी दुभाषा आला, तो पाच घटकांचा निरोप घेऊन.

रिकामा बार झाला. मी वाटी पाण्यावर ठेवली आणि हात काढून घेतला. तीन दिवसांनी पहिल्यांदा गडावर शांतता होती. कावळे परत आले होते. तटाखालून पोरांच्या रडण्याचा आणि रावजी तांडेलाच्या ओरडण्याचा आवाज वर येत होता. होडी एकच होती. बाकीच्या दोन फुटल्या होत्या. एका खेपेला फार तर वीस माणसं.

पहिल्या खेपेला पोरं आणि म्हाताऱ्या बायका घालायच्या ठरल्या. ठकूला मी पुढे केलं तर तिने पोटावर हात ठेवला. "मी चढले तर दोन पोरं खाली राहतील. दोन माणसांची जागा घेते मी सध्या. जाऊ देत त्यांना." दुसऱ्या खेपेला जखमी होते, तेव्हा ती वडिलांना घेऊन जायचं म्हणून हटून बसली. मामंजी गड सोडायला तयार नव्हते. वाटी पाण्यात असताना घटका मोजणारा उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. "पण मोजतेय वैनी, तुम्ही तर नुसते झोपलाय," ठकू म्हणाली. मामंजींना हसू आलं, पण ते हलले नाहीत. दुसरी खेपही तिच्यावाचून गेली.

त्या शांततेत मामंजी पडल्यापडल्या ओठ हलवत होते. मला वाटलं जप. मग ते म्हणाले, "पोरी, वाटी किती भरली?"

"अजून चार बोटं आहे."

"माझे श्वास जास्त भरताहेत." घटका तपासायची त्यांची जुनी रीत होती ती. निरोगी माणसाचे तीनशे साठ श्वास म्हणजे एक घटका. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "ज्वर आहे अंगात. श्वास जलद चालले असतील."

"तसंच असेल, मामंजी."

"काल उगवतीपासून मावळतीपर्यंत किती आल्या म्हणालीस?"

"एकतीस."

चैत्रात एकतीसच येतात. आदल्या दिवशी माझ्या सव्वीसच आल्या होत्या. गोळा येताना दिसला की मी खांबाआड बसत असे, कान झाकत असे. त्या गडबडीत पाच वाट्या बुडाल्या आणि आपल्याला कळल्याच नाहीत, असं मला वाटलं. घाबरून काम चुकलं, हे भाजलेल्या म्हाताऱ्याला कसं सांगायचं? म्हणून आदल्या संध्याकाळी एकतीस सांगितल्या होत्या, आणि आता पुन्हा सांगितल्या.

तिसरी वाटी बुडाली. मी ठोका दिला, वाटी पुन्हा सोडली आणि तटाच्या कठड्यावरून खाली बघितलं. रिकामी होडी नुकतीच पायरीला लागत होती. रावजी तांडेल वर बघून म्हणाला, "किती झाल्या?"

"तीन. दोन बाकी आहेत."

तो खडकांकडे बघत राहिला. पायरीच्या डाव्या अंगाला शेवाळलेला एक सुळका होता, त्यावरून तो पाणी ओळखायचा. "तीन घटकांत एवढं पाणी उतरत नाही," तो म्हणाला. "सुळका कमरेपर्यंत उघडा पडलाय. खडकामधली वाट बंद झाली आता. बाहेरून वळसा घालून जायला लागेल, गलबतांच्या तोंडापुढून."

"वळसा घालून किती लागेल?" हवालदारांनी विचारलं.

"दीड घटका."

सगळे माझ्याकडे बघत होते. खाली पायऱ्यांवर सोळा-सतरा बाया आणि दोन तान्ही पोरं होती. ती गडावर राहिली असती तर तळघरात बसली असती, जशी तीन दिवस बसली होती. हवालदारांनी मला विचारलं, "नक्की दोन आहेत ना, गुरवीणबाई? का राहू दे ही खेप?"

मी म्हणाले, "पाणी वाऱ्याने पुढंमागं होतं, रावजीकाका. वाटी होत नाही."

रावजी माझ्याहून तीस वर्षांनी मोठा. त्याने वाद घातला नाही. घटकेवर कुणी वाद घालत नसे. त्याने बायांना हात देऊन चढवायला सुरुवात केली.

ठकू अजून ओवरीतच होती. मीच तिला उठवलं. मामंजींच्या पायांवर डोकं ठेवायला तिला वाकता येईना, म्हणून तिने नुसते हात लावले. पायऱ्यांपर्यंत मी तिला धरून नेलं. पल्याडच्या वाळूत माणसं उभी असलेली दिसत होती, आणि त्यांच्याजवळ एक डोली. ती तिच्यासाठी होती. बाळोजी सकाळपासून डोली घेऊन उभे होते, असं पहिल्या खेपेच्या खलाशांनी सांगितलं होतं.

"डोली आणलीय बघ," ठकू म्हणाली. "लग्नात बैलगाडीत घालून नेलं होतं." मग माझा हात न सोडता तिने विचारलं, "पोचेन ना ग मी? नाहीतर इथंच राहते. तळघरात काय वाईट आहे?"

"दीड घटका लागणार, दोन आहेत. अर्धी घटका तू वाळूत बसून माझी वाट बघ."

"वाटी सोडून तू कुठली येतेस," ती म्हणाली आणि होडीत उतरली.

मी पळत वर आले. चौथी वाटी निम्मी भरली होती. एकदा वाटीकडे, एकदा समुद्राकडे, असं मी बघत होते. होडी खडकांच्या बाहेर पडली, वळली, गलबतांच्या पुढून जाऊ लागली. वल्ही एकसारखी पडत होती. ठकूचं लाल लुगडं मला ओळखू येत होतं. वाटीचा काठ पाण्याच्या वर बोटभर राहिला होता.

तेवढ्यात मधल्या गलबतातून पांढरा धूर निघाला.

धूर दिसल्यापासून आवाज यायला तीन आकडे मोजण्याइतका वेळ जात असे. त्या तीन आकड्यांत मला काहीच कळलं नाही. गोळा गडावर मारलेला होता. पहिला बार बहुतेक वेळा कमीच पडतो, तसा तो कमी पडला, पाण्याला टेकला आणि पोरं चपटा दगड पाण्यावरून नाचवतात तसा उसळला. दुसऱ्या उसळीला होडी होती.

मग तिन्ही गलबतं धुराने झाकली गेली. धूर सरला तेव्हा पाण्यावर फळ्या होत्या. वाळूतली माणसं पाण्यात शिरताना दिसली. डोली एकटीच उभी होती.

माझ्यामागे घंगाळात वाटी बुडाल्याचा आवाज झाला. मी वळले, ती काढली, पुसली, पुन्हा सोडली आणि घंटेवर चौथा ठोका दिला. का दिला ते मला सांगता येणार नाही. हाताला सवय होती.

हवालदार धावत वर आले. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. "किती भरल्या?"

मामंजी उठून बसले होते. भाजलेले हात पुढे करून ते म्हणाले, "सूनबाई, वाटी दे."

मी वाटी त्यांच्या हातात दिली. पट्टी सुटलेल्या एका अंगठ्याने त्यांनी ती बाहेरून चाचपली, मग आतून, मग बुडाच्या भोकावर अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. तो अंगठा त्यांनी जिभेला लावला. फडक्याखालचा त्यांचा चेहरा मी बघत होते. तो अजिबात बदलला नाही.

"चार भरल्या होत्या, हवालदार," मामंजी म्हणाले. "एक बाकी होती."

हवालदारांनी वर झेंड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "शब्द मोडणाऱ्याच्या हाती गड द्यायचा नाही."

झेंडा त्या संध्याकाळी उतरला नाही. अजून दोन दिवस तोफा चालल्या. त्या दोन दिवसांत गडावरची सदतीस माणसं गेली. माझे यजमान उत्तरेच्या बुरुजावर दारू पोचवत होते. तेही त्यांतच गेले. तिसऱ्या दिवशी तटाला खिंडार पडलं आणि हवालदारही राहिले नाहीत, तेव्हा उरलेल्यांनी दरवाजा उघडला.

मामंजी आणि मी किनाऱ्यावरच्या गावी येऊन राहिलो. ते सात महिने जगले. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त गडावरून निघताना त्यांनी बोचक्यात वाटी घेतली का म्हणून विचारलं, आणि इथे आल्यावर पहिल्या दिवशी चिंच मागितली. आंधळ्या बोटांनी त्यांनी ती वाटी घासघासून लख्ख केली. भोकाच्या कडेला हिरवा कळंक धरला होता, तो त्यांनी काडीने हळूहळू काढला. मग वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ही तुझी. रोज घासत जा."

ते गेल्यावर मी एकदा दार लावून बसले. घंगाळात विहिरीचं पाणी भरलं, वाटी सोडली आणि श्वास मोजले. तीनशे एकसष्ट. मग समुद्राचं पाणी आणलं. दोन दिवस वाटी त्यातच चालवली, चिंच लावली नाही, मध्ये मध्ये उन्हात वाळू दिली, जशी तेव्हा वाळत असे. भोकाच्या कडेला पुन्हा हिरवा कळंक आला, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा, आणि भोक तेवढं बारीक झालं. मग श्वास मोजले. चारशे अठ्ठेचाळीस. आपलं चुकलं असेल म्हणून घासूनपुसून सगळं पहिल्यापासून केलं. चारशे बावन्न. तिसऱ्यांदा चारशे पन्नास.

म्हणजे माझ्या चार घटकांत साहेबाच्या पाच पुऱ्या झाल्या होत्या. शब्द कुणी मोडलेला नव्हता.

या गोष्टीला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. गडावर आता माणूस राहत नाही. दरवर्षी चैत्रात त्या तिथीला गाव किनाऱ्यावर जमतं, नारळ फोडतं, आणि इंग्रजांनी घटकाभर आधी तोफ डागून बायका मारल्या ही गोष्ट पोरांना सांगतं. नारळ बाळोजी फोडतात. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. नारळ फोडताना ते दरवर्षी एकच म्हणतात: "ज्यानं ती घटका चोरली, त्याच्या घरचं पाणी कुणाला गोड लागू नये."

मग उन्हातून चालत ते माझ्या ओसरीवर येऊन टेकतात. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. दरवर्षी मी ठरवते की या खेपेला सांगायचं.

यंदा ते काठी टेकत आले. मी तांब्या दिला. ते घटाघटा पाणी प्यायले आणि तोंड पुसून कोनाड्यातल्या वाटीकडे बघत बसले. तांबं उन्हात चमकत होतं.

"अजून चालते का ही?" त्यांनी विचारलं.

"चालते."

"बरोबर?"

"बरोबर चालते, दाजी."

मी पुढे बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"अजून थोडं दे, वैनी," ते म्हणाले. "तुझ्या विहिरीचं पाणी गोड आहे."

मी आत गेले आणि तांब्या भरून आणला.